खोट काढल्याशिवाय चहा नाही

पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मच्छरदाणी शिवून केलेला एक तंबू होता आणि त्यात दोरीला टांगलेली मोटरसायकलची टाकी.

"कोण इलो?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हालाच म्हटलं, सर."

त्यांनी थोडा विचार केला. "मला पेंटर म्हणतात," ते म्हणाले. "सर शाळेत असतात. नववीनंतर माझी त्यांची गाठ पडलेली नाही."

तरी आठ महिने मी त्यांना सरच म्हणत राहिले. त्याला कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे वडील एका जुन्या ऑफिसात लिफ्ट चालवतात. मी अकरावीला गेले तेव्हा त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. शिकवणाऱ्याला सर म्हणायचं, आणि त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही. पहिली गोष्ट मला सहज जमली. दुसरी जरा जास्तच जमली, आणि त्यावरूनच पुढचं सगळं घडलं.

कॉलेजने आम्हाला बाहेरचं एखादं कौशल्य शिकून त्याचं प्रमाणपत्र आणायला सांगितलं होतं. मैत्रिणींनी मेंदी घेतली, कोणी टॅली घेतलं. मी घोडपदेवच्या एका चाळीखालच्या गाळ्यावर 'एअरब्रश शिकवणार' अशी पाटी वाचली आणि आत शिरले. पाटीवरचा 'शिकवणार' हा शब्द फुगीर होता, भिंतीपासून बोटभर पुढे आल्यासारखा. मी हात लावून पाहिला. भिंत सपाट होती. मला तेवढं पुरलं.

प्रमाणपत्राचं विचारायला मला तीन आठवडे लागले. ते म्हणाले, "माझ्याकडेच नाही, तुला कुठून देऊ?"

आम्ही दोघीच विद्यार्थिनी होतो. तिसरा एक हेल्मेट रंगवायला शिकायला आलेला मुलगा दोन आठवड्यांत गेला, कारण पेंटर पहिला महिनाभर रंगाला हातच लावू देत नसत. काळ्या पाटीवर नुसतं पाणी फवारायचं. पाणी वाळलं की पुन्हा फवारायचं. दुसऱ्या महिन्यात फक्त गोळे. कागदावर वर्तुळ, एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, आणि मधली हद्द कुठे संपते ते कळता कामा नये. गोळा जमला की गाल जमला, नाक जमलं, टाकी जमली, असं त्यांचं म्हणणं. जगात गोळ्याशिवाय दुसरं काही नाही.

"माझा केक चौकोनी असतो," दुसरी विद्यार्थिनी म्हणाली.

"त्यावरची चेरी?" पेंटर म्हणाले.

ही दुसरी विद्यार्थिनी म्हणजे माझगावच्या आंटी. घरी वाढदिवसाचे आणि लग्नाचे केक करायच्या. क्रीमवर रंगाची शेड कशी मारतात ते शिकायला आल्या होत्या. आपला एअरब्रश त्या स्टीलच्या डब्यात घालून आणायच्या आणि जाताना घरी न्यायच्या, म्हणजे चुकून त्यात गाड्यांचा रंग जायला नको. त्या सगळ्यांना 'तू' म्हणायच्या. पेंटरनाही, गल्लीतल्या पोलिसालाही.

एअरब्रश म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेनाएवढं पिस्तूल. त्याला एकच खटका असतो. तो खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग येतो. नवीन माणूस दोन्ही एकदम करतो आणि कागदावर कोळी बसतो, म्हणजे मध्ये ठिपका आणि भोवती पाय. म्हणून पेंटर दिवसातून वीस वेळा बजावायचे, "आधी हवा, मग रंग. थांबवताना आधी रंग, मग हवा." हे त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. आंटी धापा टाकत येऊन बोलायला लागल्या की त्यांनाही, "आधी हवा." मी काही विचारायला तोंड उघडायची, श्वास घ्यायची आणि तशीच गप्प व्हायची. ते पाहून एकदा म्हणाले, "तुझी नुसती हवाच चालू असते गो. कधी तरी रंग येऊ दे."

त्यांचा कॉम्प्रेसर जुन्या फ्रिजचा होता. तो हवा भरेपर्यंत गुरगुरायचा आणि भरली की धप्प करून थांबायचा. त्या धप्पला चाळीतल्या वरच्या मजल्यावरची माणसं घड्याळासारखी सरावली होती.

रंग अडवायला जे छाप लागतात ते पेंटर जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापायचे. ती पातळ असते आणि वाकते, पण मोडत नाही. अख्खी चाळ त्यांना आपले एक्स-रे आणून द्यायची. कोणाच्या बरगड्यांतून ज्वाळा निघाल्या होत्या, कोणाच्या गुडघ्यातून गरुडाचा पंख. एकदा दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा धावत खाली आले. डॉक्टरांनी छातीचा जुना एक्स-रे मागितला होता, नव्याशी ताडून बघायला. पेंटरनी शोधून दिला. त्याच्या मधोमध वाघाचं तोंड कापलेलं होतं. आजोबा तोच घेऊन गेले. परत आल्यावर सांगत होते की डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं की हे कधीपासून आहे.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. टाकी रंगवायला घेण्याआधी ते गाडी कुठे उभी राहते ते बघायला जायचे. लालबागला, डिलाईल रोडला, कुठेही. गिऱ्हाईक म्हणायचं, पेंटर, फोटो पाठवतो की. पण ते स्वतः जाऊन त्या जागेवर उकिडवे बसायचे आणि उजेड कुठल्या बाजूने येतो ते बघायचे. डावीकडे भिंत असली तर टाकीवरची सावली डावीकडे. गाडी चालायला लागल्यावर काय, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. विचारलं मात्र नाही. आंटींनी विचारलं.

"चालत्या गाडीची टाकी कोण बघतो?" ते म्हणाले. "समोर बघायला नको?"

आता त्या गाळ्याचा मुख्य नियम सांगते. संध्याकाळी समोरच्या टपरीवरून तीन चहा यायचे आणि ते स्टुलावर ठेवले जायचे. त्यांना हात लावायचा नाही. प्रत्येकाने आधी दुसऱ्यांच्या त्या दिवसाच्या कामातली एकेक खोट सांगायची. पेंटरच्या कामातलीसुद्धा. मगच चहा. "खोट काढल्याशिवाय चहा नाही. स्वतःची खोट स्वतःला दिसत नाही, म्हणून तर शेजारी लागतो," असं ते म्हणायचे.

आंटींना हा नियम फार आवडायचा. त्या मला म्हणायच्या, "गोळा कसला, अंडं घातलंस." पेंटरना म्हणायच्या, "तुझ्या गरुडाला चोच पोपटाची आहे." माझी पाळी आली की मी पेंटरच्या टाकीजवळ जायची, हवा घ्यायची आणि म्हणायची, "इथे जरा धूळ बसलीय, सर." ते फडकं घेऊन पुसायचे. मग चहा मिळायचा.

"तुझ्या डोळ्यांना नुसती धूळच दिसते," ते म्हणायचे.

खरं म्हणजे मला तिसऱ्या महिन्यापासून दुसरंही काही दिसायला लागलं होतं.

पेंटर सावलीत कधी काळा रंग वापरत नसत. काळा हा आळशी माणसाचा रंग, असं त्यांचं मत. ते निळ्यात तपकिरी मिसळायचे, तो ताकाच्या निवळीसारखा पातळ करायचे आणि थरावर थर देत जायचे. सावली मारायची नसते, बसू द्यायची असते, म्हणायचे. त्यांच्या जुन्या टाक्यांवर ती सावली अशी बसली होती की रंग कुठला ते सांगता येऊ नये. पण नव्या कामात निळा चढत चालला होता. आधी थोडा. मग शाई सांडल्यासारखा. मी वहीत लिहिलं, 'सरांची सावली आज निळी वाटते. माझं चुकत असेल.'

आसपासच्या पोरांना मात्र ते आवडलं. घोडपदेवची निळी शेड म्हणून लालबागपासून मुलं यायला लागली. मग तर माझी खात्रीच पटली की ही काहीतरी वरची पायरी आहे आणि मला ती कळत नाही.

त्याच दिवसांत त्यांची आणखीही भांडणं चालू होती. चहात दूध कमी घालतो म्हणून टपरीवाल्याशी. रस्त्यावरचे दिवे पिवळे करून टाकले म्हणून महापालिकेशी, म्हणजे महापालिका तिथे नव्हती, पण ते खांबाकडे बघून बोलायचे. मी ह्या सगळ्याची एकमेकांशी गाठ घातली नाही.

मग आंटींनी त्यांना एक काम दिलं. त्यांचे पती, ज्यांना मी कधी पाहिलं नाही पण अंकलच म्हणते, आदल्या वर्षी गेले होते. त्यांची जुनी स्कूटर आता आंटी चालवायच्या. वर्षाच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला, मुलं वसईहून येणार होती, आणि त्या दिवशी स्कूटरच्या बाजूच्या डिकीवर अंकलचा हसरा चेहरा घेऊन चर्चला जायचं असं आंटींनी ठरवलं होतं. "आयुष्यभर मला मागे बसवलं. आता तो बाजूला बसेल," त्या म्हणाल्या.

पेंटर अकरा दिवस तो चेहरा करत होते. कोणाच्या बारशातल्या फोटोवरून. बाराव्या दिवशी त्यांनी स्कूटर उजेडात घेतली, चहा मागवला आणि आम्हाला बोलावलं.

आंटी कितीतरी वेळ बघत राहिल्या. हसू हुबेहूब होतं. मग म्हणाल्या, "थंडीने कुडकुडल्यासारखा दिसतो." आणि नाक पुसून पुढे म्हणाल्या, "पण तो होताच तसला. मे महिन्यात बनियनवर स्वेटर घालायचा."

पेंटरना ती स्तुतीच वाटली. मग माझी पाळी. गालाखाली, नाकाच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्यात सगळीकडे निळं. पाण्यातून काढलेल्या माणसासारखं. मी हवा घेतली. पेंटर माझ्याकडे बघत होते, अकरा दिवस दाढी न केलेले, खूश.

"डाव्या कानावर धूळ बसलीय, सर," मी म्हटलं.

त्यांनी कान पुसला आणि मला चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो. संपता संपत नव्हता.

पुढच्याच आठवड्यात आंटींनी एक पांढराशुभ्र केक आणला, त्यावर मोत्याची शेड मारायची होती. पेंटरनी विचारलं, यात पिवळा कोणी घातला? आंटी म्हणाल्या, हा पांढरा आहे. ते म्हणाले, मला रंग शिकवू नको. आंटींनी केकशेजारी आपला रुमाल ठेवला, रुमालाशेजारी माझ्या वहीचा कोरा कागद ठेवला आणि एकेकाचा रंग विचारला. पेंटरनी तिन्हींना पिवळा म्हटलं आणि खांबाकडे बोट दाखवलं. दुपारचे तीन वाजले होते, दिवे लागलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आंटींनी त्यांना स्कूटरवर मागे बसवून परळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आपणच रंगवलेल्या अंकलच्या तोंडावर गुडघा येऊ नये म्हणून पेंटर दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

काळा चष्मा उतरवल्यावर ते पहिल्यांदा गाळ्यात आले तो दिवस मी विसरणार नाही. आधी त्यांनी चहाचा ग्लास उचलला, बघितला आणि टपरीवाल्याला म्हणाले, "आज घातलंस दूध." तो बिचारा म्हणाला, रोजच घालतो, पेंटर. मग ते भिंतीला टेकवलेल्या एका तयार टाकीसमोर उभे राहिले. डावा डोळा मिटला. उघडला. उजवा मिटला. पुन्हा डावा. असं इतका वेळ चाललं होतं की कॉम्प्रेसर दोनदा धप्प करून थांबला.

"ह्या डोळ्याने बरोबर आहे," ते अखेर म्हणाले, "आणि ह्या डोळ्याने निळीत बुडवून काढलीय."



त्यानंतर चार दिवस ते नाक्यावर उभे राहून आपल्या रंगाच्या गाड्या अडवत होते. परत आणा, फुकट नीट करून देतो, म्हणायचे. मुलं ऐकेनात. एक जण म्हणाला, "पेंटर, हात नका लावू, त्या निळ्यासाठीच तर तुमच्याकडे आलो." त्यावर ते जे म्हणाले ते मालवणीत होतं आणि मला इथे लिहिता येणार नाही.

अडवलेल्या गाड्यांची यादी करायला त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. मी घाईत अख्खी वहीच पुढे केली. त्यांनी कोरं पान शोधायला पानं चाळली आणि थांबले. नव्या डोळ्याने त्यांना बारीक अक्षर दिसत होतं. ते वाचायला लागले, मोठ्याने.

"'सरांची सावली आज निळी वाटते. माझं चुकत असेल.'" पान उलटलं. "'निळीच. बोलू का?'" पान उलटलं. "'निळी. उद्या बोलेन.'" पान उलटलं. "'अंकलचे ओठ निळे. बोलले नाही. धूळ सांगितली.'"

त्यांनी वही मिटली.

"म्हणजे तुका दिसत होता."

"हो, सर. मला वाटलं, माझंच चुकतंय."

"आणि मी इतके महिने नसलेली धूळ पुसत होतो." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "मला दिसत नव्हतं म्हणून मी चुकलो. तुला तर दिसत होतं."

त्या दिवशी टपरीवाला तीन भरलेले ग्लास घेऊन परत गेला. नियम मोडलेला नव्हता. कोणी खोट काढली नव्हती, एवढंच.

मी डिलाईल रोडपर्यंत चालत घरी आले. परत जावं की नाही कळत नव्हतं. वडिलांना सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की तोंड उघडायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होता. ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, "लिफ्टला वेगळा आवाज आला तर मी साहेबाला सांगतो. त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, पण हे सांगतो. साहेब आतच उभा असतो ना."

मी परत गेले. पेंटरनी मला पाहिलं आणि पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. अंकलचा चेहरा घासायला घेतला होता. मिस रविवारी होता आणि हातात पाच दिवस होते. सगळा चेहरा नाही, फक्त सावल्या खरवडायच्या आणि नव्याने बसवायच्या. डावा जुना डोळा मध्ये यायला नको म्हणून त्यांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर एक्स-रेचा तुकडा चिकटवला होता. त्यात कोणाचं तरी बोटाचं हाड दिसायचं.

शनिवारी संध्याकाळी चहा आला. आंटी आल्या. पेंटरनी स्कूटर उजेडात घेतली आणि बाजूला झाले. ह्या वेळी ते आंटींकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

निळा पार गेला होता. त्याच्या जागी पिवळा होता. गालाखाली पिवळा, हनुवटीखाली पिवळा. इतके महिने ज्या डोळ्याने पिवळंच पाहिलं त्याला आता सगळं थंड दिसत असणार आणि ते ऊब घालत गेले असणार. हे मी आज सांगते. तेव्हा एवढंच दिसलं की उद्या वसईहून मुलं येणार आणि बाप असा दिसणार.

मी हवा घेतली. कॉम्प्रेसर धप्प करून थांबला. पेंटर अगदी हळू म्हणाले, "मग रंग."

"सर, पिवळा झालाय," मी म्हटलं. "अंकलना कावीळ झाल्यासारखी दिसते. हनुवटीखाली सगळ्यात जास्त. कपाळ बरोबर आहे. ओठही बरोबर आहेत." आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबवता येईना. "आणि डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे."

"तो होताच," आंटी म्हणाल्या.

पेंटरनी काचेवरचा तुकडा काढला. एक डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही मिटले आणि तसेच उभे राहिले. "किती पिवळा?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"हळद लागलीय इतका."

त्यांनी एअरब्रश उचलला, वाटीत दोन थेंब निळा घेतला, भरपूर पातळ केला. "मी फवारतो, तू बघ. बास वाटलं की बास म्हण. सर म्हणत बसू नको, तेवढ्यात थर जास्त होतो."

मी बास म्हटलं. ते थांबले. दुसऱ्या जागी गेले, मी बास म्हटलं, ते थांबले. हनुवटीखाली मी फार वेळ काही म्हटलंच नाही, आंटी माझा दंड धरून उभ्या होत्या, आणि मग मी म्हटलं. त्या घाबरटपणाच्या आठ महिन्यांत मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून पाहिलं.

आंटी जवळ गेल्या, लांब गेल्या. "आता स्वेटर नको त्याला," म्हणाल्या.

चहा केव्हाच गार झाला होता. पेंटरनी माझा ग्लास उचलून माझ्या हातात दिला. "घे. हा तुझा पहिला."

कोर्स संपला तेव्हा डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन होऊन गेलं होतं. प्रमाणपत्राचं मी पुन्हा विचारलं नव्हतं, पण शेवटच्या दिवशी पेंटरनी मला पत्र्याचा एक चौकोनी तुकडा दिला. त्यावर एकच गोळा होता, राखाडी, कुठून उजेड सुरू होतो आणि कुठे सावली, ते सांगता येणार नाही असा. कॉलेजच्या ऑफिसात तो दाखवल्यावर शिक्का कुठे आहे असं विचारणार हे मला दिसत होतं, आणि तसंच झालं. पण ते नंतर.

त्या दिवशी तीन चहा स्टुलावर होते. पेंटर हात मागे बांधून वाट बघत होते. मी पत्रा उजेडात धरला, वाकडा केला, पुन्हा सरळ केला. खूप शोधलं. मग मला सांगावंच लागलं.

"उजव्या कडेला, पॉलिशच्या थराखाली," मी म्हटलं, "धूळ बसलीय."

आंटी हसायला लागल्या. पेंटरनी पत्रा माझ्या हातातून घेतला, दोन्ही नव्या डोळ्यांजवळ नेला आणि सवयीने फडकं उचललं. मग ते खाली ठेवलं.

"बसलीय खरी," ते म्हणाले, आणि चहा घेतला.